कोसळलेल्या पाहुण्याचा पंचनामा

१९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली होती. पुण्यातल्या हिंजवडी आणि खराडीच्या ऑफिसांत लोक नुकते जागेवर बसत होते. त्याच सुमारास क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीने आपल्या ‘फाल्कन’ सॉफ्टवेअरसाठी एक छोटीशी फाइल जगभरच्या विंडोज संगणकांकडे रवाना केली. या कंपनीचं एक केंद्र पुण्यातही आहे. फाइल मागे घेईपर्यंत १० वाजून ५७ मिनिटं झाली. मधल्या ७८ मिनिटांत ज्या यंत्रांनी ती उतरवून घेतली, ती निळ्या पडद्यावर जाऊन पडली. मायक्रोसॉफ्टने दुसऱ्या दिवशी आकडा सांगितला: सुमारे ८५ लाख यंत्रं. जगातल्या विंडोज यंत्रांच्या तुलनेत हे प्रमाण एक टक्काही नव्हतं. पण ही यंत्रं विमानतळांवर, रुग्णालयांत, बँकांत बसलेली होती. इंडिगोला दोनशेच्या आसपास उड्डाणं रद्द करावी लागली आणि देशातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. रिझर्व्ह बँकेने दहा बँका आणि वित्तसंस्थांच्या कामात किरकोळ अडथळा आल्याचं जाहीर केलं.

कारण ऐकायला फार साधं आहे. नव्या फाइलमधल्या नियमाला माहितीचे २१ रकाने तपासायचे होते. तपासणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र २०च पुरवले गेले होते. एकविसावा शोधायला तो प्रोग्रॅम आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीत गेला. साधा प्रोग्रॅम असता तर एवढ्यावर तो एकटा बंद पडला असता. पण फाल्कनचा हा भाग विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालतो, आणि तिथे चुकीला माफी नसते. अख्खी सिस्टिम बसली. पुन्हा सुरू केली, की तोच भाग सुरुवातीलाच मेमरीत यायचा, तीच फाइल वाचायचा आणि सिस्टिम पुन्हा बसायची.

या गोंधळाच्या बातम्यांत एक गोष्ट फारशी आली नाही. बसलेल्या यंत्रांत डेस्कवरचे लॅपटॉप होते, तशी कुठल्याही टेबलावर नसलेली यंत्रंही होती. ही व्हर्च्युअल मशीन्स. क्लाउड कंपन्यांच्या मोठ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक. लॅपटॉप दुरुस्त करायला कुणीतरी तिथवर जायचं, तो सेफ मोडमध्ये उघडायचा, डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ आकडी किल्ली शोधायची आणि ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी फाइल पुसायची. व्हर्च्युअल मशीनपाशी असं जाता येत नाही. तिथे मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन, दोघांनी जवळपास एकच उपाय सुचवला: बसलेल्या मशीनची डिस्क सोडवून घ्या, ती दुसऱ्या धडधाकट व्हर्च्युअल मशीनला जोडा, नको असलेली फाइल पुसा आणि डिस्क परत जागेवर लावा. हे सगळं खुर्चीत बसून, शेकडो मशीन्स असतील तर स्क्रिप्ट लिहून.

मायक्रोसॉफ्टने आणखी एक सल्ला दिला, तो वाचून अनेकांना हसू आलं. व्हर्च्युअल मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करा, काही ग्राहकांना पंधरा वेळांपर्यंत करावं लागलं आहे. त्यामागे जादू नव्हती. सुरू होताना सदोष फाइल वाचली जाणं आणि नेटवर्क जोडलं जाऊन सुधारलेली फाइल उतरणं यांत दर वेळी शर्यत लागायची. एखाद्या वेळी नेटवर्क जिंकायचं आणि मशीन उभं राहायचं.

व्हर्च्युअल मशीनच्या परिभाषेत खऱ्या यंत्राला होस्ट म्हणतात आणि त्याच्यावर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला गेस्ट. यजमान एक, पाहुणे अनेक. मधली व्यवस्था बघणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर म्हणतात. प्रत्येक पाहुण्याला वाटतं, हा प्रोसेसर, ही मेमरी, ही डिस्क फक्त माझीच. कल्पना जुनी आहे. आयबीएमने २ ऑगस्ट १९७२ रोजी जाहीर केलेल्या ‘व्हीएम/३७०’मध्ये एका मेनफ्रेमवर प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र यंत्राचा आभास मिळत होता. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी अशा व्यवस्थेच्या अटी काटेकोरपणे मांडल्या. त्यांतली एक अट अशी, की यंत्राच्या साधनांवरचा ताबा कायम मधल्या सॉफ्टवेअरकडेच राहिला पाहिजे. पाहुणा काहीही करो, चाव्या यजमानाच्या कमरेला. घरोघरच्या संगणकांवर हे यायला १९९९ उजाडलं; त्या वर्षी व्हीएमवेअर या कंपनीचं ‘वर्कस्टेशन’ बाजारात आलं. २००५ पासून इंटेलने आणि पाठोपाठ एएमडीने प्रोसेसरमध्येच मदत भरली, आणि २००७ मध्ये केव्हीएम हा हायपरव्हायजर लिनक्सच्या कर्नलचाच भाग झाला. व्हीएमवेअर आणि रेड हॅट या दोन्ही नावांच्या पाट्या पुढे पुण्यातही लागल्या.

ताबा यजमानाकडे का राहायला हवा, हे पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी आंबी नदीवरचं, काम चालू असलेलं पानशेतचं मातीचं धरण फुटलं. ते पाणी खाली मुठेवरच्या खडकवासला धरणात आलं. एकोणिसाव्या शतकात दगडी बांधकामात उभं राहिलेलं हे जुनं धरण तोवर शाबूत होतं. पण वरच्याचा सगळा भार अंगावर आल्यावर दुपारी तेही फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. व्हर्च्युअल मशीन रचणाऱ्यांना नेमकं हेच टाळायचं असतं. वरचा पाहुणा फुटला तरी खालचा यजमान शाबूत राहिला पाहिजे, आणि शेजारचे पाहुणेही कोरडे राहिले पाहिजेत. १९ जुलैला हे बव्हंशी साधलं. एकेका सर्व्हरवर अनेक विंडोज पाहुणे निळे पडले, आणि त्याच सर्व्हरवरच्या लिनक्स पाहुण्यांना त्याचा पत्ताही लागला नाही.

पाहुणा कोसळला, हे यजमानाला कळतं कसं? इथेच सगळी मेख आहे. हायपरव्हायजरला पाहुण्याच्या आतलं जग दिसत नाही. त्याला दिसतात प्रोसेसरच्या सूचना, मेमरीची पानं आणि डिस्कवरची वाचनं-लेखनं. आत निळा पडदा आला आहे की कुणी निळ्या रंगाचं चित्र लावलं आहे, यातला फरक त्याला बाहेरून कळत नाही.

काही पाहुणे गाजावाजा न करता संपतात. प्रोसेसरला सूचना पाळताना अडचण आली, की तो ती निस्तरणाऱ्या ठरावीक प्रोग्रॅमकडे जातो. त्या प्रोग्रॅमपाशीही अडचण आली, तर ‘डबल फॉल्ट’. तो निस्तरतानाही गडबड झाली, तर ‘ट्रिपल फॉल्ट’, आणि त्यापुढे प्रोसेसरकडे काही उपाय नसतो. खऱ्या संगणकात अशा वेळी यंत्र सरळ रीसेट होतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये प्रोसेसर पाहुण्याचा ताबा काढून हायपरव्हायजरच्या हातात देतो: काय करायचं ते तू ठरव. व्हर्च्युअलबॉक्स हे हायपरव्हायजर सॉफ्टवेअर अशा वेळी मशीन गोठवतं आणि ‘गुरू मेडिटेशन’ अशी खिडकी दाखवतं. ऐंशीच्या दशकातल्या अमिगा संगणकावरचा हा संदेश व्हर्च्युअलबॉक्सच्या निर्मात्यांनी गमतीने उचलला आहे. केव्हीएम आणि उपकरणांची नक्कल करणारं क्यूएमू या जोडीत मात्र नेहमीच्या मांडणीत पाहुणा चुपचाप रीसेट होतो. सकाळी प्रशासकाला एवढंच दिसतं, की सर्व्हर मध्यरात्री कधीतरी नव्याने सुरू झाला. का, ते सांगायला कुणी उरलेलं नसतं.

बहुतेक आधुनिक ऑपरेटिंग सिस्टिम मात्र कोसळताना ओरडतात. लिनक्समध्ये ‘कर्नल पॅनिक’, विंडोजमध्ये निळा पडदा. ही आरोळी यजमानाच्या कानावर पडावी, म्हणून दोघांमध्ये आधीच संकेत ठरवलेला असावा लागतो. क्यूएमूमध्ये २०१३ पासून ‘पीव्हीपॅनिक’ नावाचं एक खोटं उपकरण आहे. त्याचं काम एकच. कर्नल कोसळता कोसळता ठरलेल्या पोर्टवर एक खूण लिहितो, आणि यजमानाला कळतं की आत पॅनिक झालं. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये याच कामासाठी खास रजिस्टर ठेवलेली आहेत. त्यांत पाहुणा बिघाडाचा कोड आणि सोबतचे चार आकडे लिहून ठेवतो, आणि ते यजमानाच्या इव्हेंट लॉगमध्ये उमटतात. निळा पडदा कुणी डोळ्यांनी पाहिला नसला तरी त्यावरचे आकडे सापडतात, ते त्यामुळे.

खरी पंचाईत होते ती हँग झालेल्या पाहुण्याची. तो ओरडत नाही, संपतही नाही. प्रोसेसर शंभर टक्के फिरतोय, पण काम शून्य. अशांसाठी व्हीएमवेअरने नाडी बघायची सोय केली. पाहुण्याच्या आत बसवलेलं ‘व्हीएमवेअर टूल्स’ ठरावीक वेळाने ठोका पाठवत राहतं. संवेदनक्षमता वरच्या पातळीवर ठेवली, तर ३० सेकंद ठोका न आल्यास पाहुणा आजारी धरला जातो. पण ठोका थांबणं म्हणजे मरण नव्हे. टूल्सचा प्रोग्रॅम एकटाच बंद पडलेला असू शकतो आणि आतला डेटाबेस सुरळीत चालू असू शकतो. म्हणून व्हीएमवेअरचं सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर व्हीस्फिअर आणखी एक गोष्ट बघतं: गेल्या १२० सेकंदांत या मशीनने डिस्कवर किंवा नेटवर्कवर काही हालचाल केली का? केली असेल, तर हात लावायचा नाही. दोन्हीकडे शांतता असेल तरच रीसेट. आणि रीसेट करण्याआधी मशीनच्या पडद्याचा फोटो काढून तो मशीनच्या फोल्डरमध्ये ठेवायचा. या फोटोचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. त्यावरच्या दोन ओळी पाहून जाणता माणूस अर्धं निदान करतो. दुर्दैव एवढंच, की ही देखरेख नेहमीच्या मांडणीत बंद असते. ती चालू करावी लागते.

नाडी बघण्याच्या या विद्येत पुण्याचा जुना हात आहे. व्हेरिटास या सॉफ्टवेअर कंपनीचं पुण्यातलं केंद्र डेटा साठवण आणि क्लस्टर सॉफ्टवेअरच्या कामासाठी वर्षानुवर्षं ओळखलं जात होतं. क्लस्टरमधली यंत्रं एकमेकांना ठोके पाठवतात. एकाचा ठोका थांबला, की दुसरं त्याचं काम उचलतं. आणि नेमकं तिथेच मोठं संकट दबा धरून असतं. पहिलं यंत्र मेलेलं नसून फक्त मधली वायर तुटली असेल, तर दोन यंत्रं एकाच डिस्कवर एकाच वेळी लिहू लागतात आणि डेटाचा चोथा होतो. म्हणून दुसऱ्याने काम उचलण्याआधी पहिल्याचा डिस्ककडे जाणारा रस्ता तोडायचा, असा नियम आहे. याला ‘फेन्सिंग’ म्हणतात. काही अभियंत्यांना हा क्रूरपणा वाटतो. ज्यांनी एकदा तरी चोथा झालेला डेटाबेस पाहिला आहे, त्यांना तो वाटत नाही.

आता सगळ्यात मोठा प्रश्न. पाहुणा कोसळलाय हे कळलं. पुढे काय? दहातले नऊ जण म्हणतील, रीस्टार्ट. ग्राहक फोनवर आहे, साहेब मागे उभे आहेत, रीस्टार्टचं बटण समोर आहे. पण रीस्टार्टने मेमरी पुसली जाते, आणि बिघाडाचा बहुतेक पुरावा मेमरीतच असतो. सेवा लगेच सुरू झाली पाहिजे आणि कारणही सापडलं पाहिजे, या दोन मागण्या त्या क्षणी एकमेकींच्या विरुद्ध असतात. कोणत्या मागणीला झुकतं माप द्यायचं, ते कोसळण्याआधी शांतपणे ठरवायला हवं. गोंधळात ठरवलं तर कायम घाई जिंकते.

लिनक्सवरच्या लिबव्हर्ट या व्यवस्थापकात हा निर्णय एका ओळीत लिहून ठेवता येतो. पाहुणा कोसळल्यावर मशीन नष्ट करायचं, पुन्हा सुरू करायचं, आहे त्या अवस्थेत जपून ठेवायचं, की आधी मेमरीची प्रत, म्हणजे कोअर डम्प काढून मग सुरू करायचं, असे पर्याय त्यात आहेत. शेवटचा पर्याय बहुतेक ठिकाणी योग्य ठरतो, पण त्याची किंमत आहे. ६४ गिगाबाइट मेमरीच्या मशीनचा पूर्ण डम्प ६४ गिगाबाइटचा होतो, आणि तो लिहून होईपर्यंत सेवा बंद राहते. कोऱ्या आणि तात्पुरत्या साठवणीच्या पानांना गाळणी लावली तर तो बराच लहान होतो. हँग झालेल्या पाहुण्यासाठी आणखी एक हत्यार आहे. त्याला बाहेरून ‘एनएमआय’ हा, दुर्लक्ष करता न येणारा इशारा टोचायचा. नीट मांडणी केलेली ऑपरेटिंग सिस्टिम त्या इशाऱ्यावर स्वतः कोसळते आणि जाता जाता स्वतःचा डम्प लिहिते. अडकलेल्याला मुद्दाम पाडायचं, कारण पडलेल्याचा पंचनामा होतो, अडकलेल्याचा होत नाही.

डम्प पाहुण्याच्या आतूनही काढता येतो. लिनक्समधली ‘केडम्प’ ही सोय २००५ मध्ये कर्नलमध्ये आली, आणि तिच्या जडणघडणीत आयबीएमच्या भारतातल्या अभियंत्यांचा मोठा वाटा होता. तिच्यामागचा विचार फार शहाणपणाचा आहे. कोसळलेल्या कर्नलवर विश्वास ठेवता येत नाही. त्याने डिस्कवर काही लिहायला घेतलं, तर तो चांगला डेटाही बिघडवेल. म्हणून आधीच थोडी मेमरी बाजूला काढून तिथे दुसरा, छोटा कर्नल निजवून ठेवायचा. पहिला कोसळला, की हा उठतो, पहिल्याची मेमरी प्रेतासारखी जपून डिस्कवर उतरवतो आणि मग यंत्र रीस्टार्ट करतो. विंडोज हेच काम पेज फाइलच्या मदतीने करते. पण डिस्कच गायब झाली असेल, तर आतून डिस्कवर उतरवायचे हे दोन्ही डम्प हुकतात. बाहेरून काढलेला डम्प अशा वेळीही मिळतो, आणि व्हर्च्युअल मशीनचा खऱ्या यंत्रापेक्षा सर्वांत मोठा फायदा हाच आहे. सर्व्हर सुरळीत चालत असताना तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

डम्पबद्दल एक सावधगिरी मात्र घ्यायलाच हवी. मेमरीत पासवर्ड असतात, गुप्त किल्ल्या असतात, ग्राहकांची नावं आणि खाते क्रमांक असतात. तपासाच्या घाईत असा डम्प ईमेलने बाहेरच्या कंपनीला पाठवणं म्हणजे अख्खी तिजोरी कुरिअर करणं.

आपोआप रीस्टार्ट मुळीच नको, असं यातून कुणी समजू नये. यंत्राने माणसाची वाट न पाहता स्वतः कृती करणं हा विचार खडकवासल्यात फार जुना आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी रचलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये याच धरणावर बसवले गेले. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की ते आपोआप उघडायचे आणि उतरलं की मिटायचे. रात्रीच्या पुरात धावत जाऊन दरवाजे उघडण्याची गरज त्यांनी संपवली. पण त्या दरवाज्यांना पातळी ठरवून दिलेली होती. रीस्टार्टलाही तशी मर्यादा हवी. व्हीस्फिअरमध्ये ती असते: ठरावीक मुदतीत तीनदा रीसेट करूनही मशीन कोसळत राहिलं, तर पुढे हात लावायचा नाही, माणसाला बोलवायचं. मर्यादा नसेल, तर १९ जुलैच्या विंडोजसारखं मशीन उठत-पडत राहतं, प्रत्येक फेरीत जुने लॉग नव्या लॉगखाली गाडले जातात, आणि डॅशबोर्डवर मात्र ‘चालू आहे’ असा हिरवा दिवा लागलेला असतो.

पाहुणा कोसळला म्हणजे चूक पाहुण्याचीच, हा दुसरा हमखास गैरसमज. लिनक्सच्या लॉगमध्ये कधी कधी एक ओळ सापडते: अमुक प्रोसेसर २२ सेकंद अडकला, ‘सॉफ्ट लॉकअप’. नवखा अभियंता लगेच कर्नलमधला दोष शोधू लागतो. खरं कारण बरेचदा एवढंच असतं, की होस्टवर दहा पाहुण्यांना मिळून जेवढे प्रोसेसर वाटले, तेवढे प्रत्यक्षात नव्हतेच. पाहुण्याचा प्रोसेसर रांगेत ताटकळत होता. पाहुण्याला यातलं काही दिसत नाही. त्याला वाटतं, आपणच थिजलो. मेमरीचंही तसंच. होस्टची मेमरी संपली, की लिनक्स एखादा मोठा प्रोग्रॅम निवडून मारतो, आणि होस्टच्या नजरेत प्रत्येक पाहुणा हा एक मोठा प्रोग्रॅमच असतो. असा मारला गेलेला पाहुणा मागे काहीच ठेवत नाही; पुरावा असतो तो होस्टच्या लॉगमध्ये. होस्टची डिस्क भरली तर क्यूएमू पाहुण्याला बहुधा थांबवून ठेवतं, आणि जागा करून दिली की तो जिथल्या तिथून पुढे चालू लागतो. घाईने रीस्टार्ट केलं, तर हकनाक अर्धवट लिहिलेल्या फाइली हाती येतात.

गंमत म्हणजे १९ जुलै २०२४ च्या पहाटे, भारतीय वेळेनुसार साडेतीनच्या सुमारास, क्राउडस्ट्राइकच्या आधीच, मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडमध्ये अमेरिकेच्या मध्य भागातल्या विभागात असाच एक बिघाड झाला होता. मांडणीतल्या चुकीमुळे साठवण यंत्रणा आणि गणन यंत्रणा यांच्यातला संपर्क तुटला. पाहुण्यांच्या दृष्टीने त्यांच्या डिस्क अचानक नाहीशा झाल्या. तिथे पाहुण्यांच्या आत कितीही शोधलं असतं, तरी दोष सापडला नसता. काही तासांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांची सरमिसळ बातम्यांत झाली. पण एकात रोग पाहुण्याच्या पोटात होता आणि दुसऱ्यात पाहुण्याच्या घराबाहेर.

डिस्कचा विषय निघालाच आहे, तर एक बारकावा. पाहुणा जेव्हा ‘आता हे नक्की डिस्कवर लिही’ असं म्हणतो, तेव्हा ते खरोखर लिहिलं जातंच असं नाही. व्हर्च्युअलबॉक्स वेग वाढवण्यासाठी अशा विनंत्यांकडे सहसा कानाडोळा करतं. फक्त पाहुणा कोसळला, तर हरकत नाही; लेखन होस्टच्या मेमरीत सुरक्षित असतं आणि यथावकाश डिस्कवर उतरतं. होस्टच गेला, वीज गेली, की मात्र पाहुण्याचा डेटाबेस ‘मी लिहिलं होतं’ असं म्हणत राहतो आणि डिस्कवर काही नसतं. महत्त्वाचा डेटा असलेल्या मशीनमध्ये ही सोय बदलून घ्यावी. आणि स्नॅपशॉटला बॅकअप समजू नये. स्नॅपशॉट मूळ डिस्कवरच उभा असतो; ती गेली, की तोही गेला.

यजमानाची भिंत कधी भेदली जात नाही का? जाते. मे २०१५ मध्ये ‘व्हेनम’ नावाचा दोष जाहीर झाला. क्यूएमूमध्ये फ्लॉपी डिस्कची नक्कल करणाऱ्या भागात तो २००४ पासून पडून होता. फ्लॉपी कुणी वापरत नव्हतं, पण नक्कल आत शिल्लक होती, आणि तिच्यातून पाहुण्याला हायपरव्हायजरची प्रक्रिया पाडता येत होती, कदाचित बाहेरही पडता येत होतं. हा दोष शोधून काढणारा संशोधक होता क्राउडस्ट्राइकचाच. नऊ वर्षांनी त्याच कंपनीच्या फाइलने लाखो पाहुणे पाडले. यात काव्यगत न्याय वगैरे शोधायचं कारण नाही. मात्र मशीनला नको असलेली उपकरणं काढून टाकावीत, हा धडा व्हेनमने पक्का केला.

हे सगळं मोठ्या सर्व्हरपुरतंच आहे असंही नाही. सिंहगड रस्त्यावरच्या आणि एकूणच पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची व्हर्च्युअल मशीनशी पहिली गाठ पडते ती लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये. आठ गिगाबाइटच्या लॅपटॉपवर सहा गिगाबाइट उबुंटूला देऊन टाकायचे, खाली विंडोजचा श्वास कोंडायचा, आणि मग पाहुणा लटकला की सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकायचं, हा तिथला रूढ उपचार. त्याने मशीनसोबत पुरावाही जातो. ‘गुरू मेडिटेशन’ची खिडकी आली, तर ती बंद करण्याआधी मशीनच्या फोल्डरमधला ‘लॉग्ज’ कप्पा उघडावा. तिथे व्हीबॉक्स नावाची लॉग फाइल आणि त्याच नावाचं पडद्याचं चित्र असतं. लॉगच्या शेवटच्या भागात बहुधा कारण लिहिलेलं असतं. या दोन्ही फाइली दुसरीकडे उतरवून घेतल्यावर मग काय हवं ते करावं.

व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या प्रत्येकाने या आठवड्यात एक काम करावं. चाचणीसाठीचं एक मशीन घ्यावं आणि ते मुद्दाम पाडावं. लिनक्समध्ये प्रशासकाच्या अधिकाराने ‘सिसआरक्यू-ट्रिगर’ या फाइलमध्ये ‘सी’ हे एक अक्षर लिहिलं की कर्नल त्याच क्षणी कोसळतो. विंडोजसाठी सिसइंटर्नल्सचं ‘नॉटमायफॉल्ट’ हे साधन याच कामासाठी बनवलेलं आहे. मग घड्याळ लावून बघावं: कोसळल्याचा इशारा किती वेळाने आला, डम्प ठरलेल्या जागी सापडला का, त्याला डिस्कवर जागा पुरली का, मशीन आपोआप उठलं का, आणि तो डम्प उघडून वाचू शकणारा माणूस आपल्याकडे कोण आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘कुणी नाही’ असं आलं, तर आधी त्या माणसाची सोय करावी, सेटिंगं नंतर.